खांडेकरांची सगळ्यात ताकदीची कादंबरी कोणती आणि कच्ची कोणती: पाच महिन्यांच्या नोंदी

कोल्हापुरात आम्ही सात जण मिळून हा उद्योग केला. वि. स. खांडेकरांच्या निवडक कादंबऱ्या पुन्हा वाचायच्या, त्यांवर समोरासमोर बसून वाद घालायचा आणि शेवटी मत द्यायचं. आपल्या आवडत्या कादंबरीकारासाठी कुणाला हेच करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ तुमचा जाऊ नये, म्हणून या नोंदी. लेखक कुणीही घ्या, पद्धत चालेल.

गट असा: आक्का, वय चौऱ्याहत्तर, बैठकी त्यांच्या घरच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर. एसटीतून निवृत्त झालेले तात्या. हायस्कूलात मराठी शिकवणारे सर. वहिनी. डॉक्टरताई. आक्कांचा नातू, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. आणि मी, माझा छोटा छापखाना आहे.

११ जानेवारी २०२५

आज खांडेकरांचा जन्मदिवस. १८९८ साली सांगलीत जन्मले. तेवढ्या निमित्ताने चहाला जमलो आणि वाद पेटला. तात्या म्हणाले, ‘ययाति’च्या वर काही नाही. वहिनी ‘अमृतवेल’वर अडून बसल्या. मी ‘क्रौंचवध’ म्हणालो आणि तावातावाने म्हणालो. मग आक्कांनी शांतपणे विचारलं, “शेवटची कधी वाचलीस?” अकरावीत. म्हणजे तीस वर्षं झाली. तात्यांनी ‘ययाति’ वाचली ती नोकरीला लागण्याआधी. सगळे जण आपापल्या तरुणपणाची बाजू घेऊन भांडत होतो, पुस्तकं कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

तिथेच ठरलं. दर पंधरा दिवसांनी रविवारी बैठक, बैठकीला एक कादंबरी. सगळ्या घेणं झेपणार नव्हतं, म्हणून सहा निवडल्या: ‘हृदयाची हाक’ (१९३०), ‘उल्का’ (१९३४), ‘क्रौंचवध’ (१९४२), ‘अश्रू’ (१९५४), ‘ययाति’ (१९५९), ‘अमृतवेल’ (१९६७). पहिल्या पुस्तकापासून सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत लेखक कसा चालत गेला ते दिसावं, हा हेतू. खर्चासाठी भिशी, माणशी महिना दोनशे रुपये.

१९ जानेवारी

पुस्तकं गोळा करण्यातच आठवडा गेला. सात घरांत मिळून ‘ययाति’च्या चार प्रती निघाल्या, ‘अमृतवेल’च्या तीन. ‘हृदयाची हाक’ कुणाकडेच नाही. करवीर नगर वाचन मंदिरातून दोन पुस्तकं घेतली, बाकी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून. तीन नव्या आणि चार जुन्या प्रतींचे मिळून १,४६० रुपये झाले.

नातवाने सुचवलं की एक प्रत मिळाली की सगळ्यांना झेरॉक्स काढू, छापखाना घरचाच आहे. मी नाही म्हणालो. खांडेकर १९७६ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार राहतो, म्हणजे २०३६ संपेपर्यंत पूर्ण पुस्तकाची नक्कल करता येत नाही. एक प्रत दोघांत फिरवायची असं ठरलं. त्यामुळे वाचायला वेळ जास्त लागतो, तो आधीच धरून चला. आम्ही धरला नाही.

२ फेब्रुवारी. ‘हृदयाची हाक’

पहिली बैठक पूर्ण फसली.

सातांपैकी चौघांचं वाचून झालं होतं. तरीही अडीच तास बोललो आणि त्यातला दीड तास फडके-खांडेकर वादावर गेला. कलेसाठी कला, असं म्हणणारे कादंबरीकार ना. सी. फडके, की जीवनासाठी कला म्हणणारे खांडेकर? सर एका बाजूला, तात्या दुसऱ्या बाजूला. हा वाद मराठीत इतका दळून झालेला आहे की दोघांनाही एकमेकांचं पुढचं वाक्य पाठ होतं. पुस्तक टेबलावर मिटलेलंच राहिलं. बैठक संपल्यावर आक्का भांडी आवरताना म्हणाल्या, “मुलगी कशी होती त्या कादंबरीतली, ते एकानं तरी सांगितलंत का?” कुणीच सांगितलं नव्हतं.

लगेच दोन नियम केले. पहिला, फडक्यांचं नाव काढायचं नाही. दुसरा, प्रत्येकाने दोन उतारे आणायचे, एक सगळ्यात चांगला वाटलेला आणि एक सगळ्यात वाईट. ते मोठ्याने वाचायचे आणि मगच मत द्यायचं. उतारा नाही तर मत नाही.

पुस्तकाबद्दल थोडकंच. बत्तीस वर्षांच्या, शिरोड्यासारख्या गावात शिकवणाऱ्या माणसाचं हे पहिलं पाऊल. घटना योगायोगाच्या आधाराने पुढे सरकतात आणि माणसांपेक्षा भावना मोठ्या होऊन बसतात. पुढच्या खांडेकरांचं सगळं बी इथे आहे, रोप मात्र नाही.

१६ फेब्रुवारी. ‘उल्का’

उताऱ्यांचा नियम लागू पडला. पहिल्याच फेरीत अडचण आली ती पानांच्या क्रमांकांची. तिघांकडे तीन आवृत्त्या, कुणाचं पान कुणाशी जुळेना. आता प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द, अशी खूण लिहून आणतो. पुढची बैठक यामुळे निदान अर्ध्या तासाने लवकर आटोपली.

मोठ्याने वाचायला लागल्यावर मनातल्या मनात वाचताना न दिसलेली गोष्ट दिसली. डॉक्टरताई म्हणाल्या, उपमा कानाला टोचतात. डोळा त्यांच्यावरून घसरून जातो, जीभ घसरू शकत नाही. प्रत्येक उपमेपाशी पेन्सिलीने ठिपका द्यायचा असं ठरवलं. तासाभरात काही पानं पुरळ उठल्यासारखी दिसायला लागली. आणि गंमत नव्हे, त्रास याचा होता की ठिपके सगळ्यांच्या बोलण्यात सारखेच. ध्येयवादी शिक्षक बाप जसा बोलतो तशीच मुलगी विचार करते, तसंच निवेदनही चालतं. जणू सगळे एकाच फुलपुडीतून फुलं काढताहेत.

सरांनी मग एक चाचणी सुचवली: बोलणाऱ्याचं नाव न सांगता वाक्य वाचायचं, बाकीच्यांनी ओळखायचं कोण बोलतंय. करून पाहिली, जमली नाही. वाचणारा नकळत बाईचा आवाज काढत होता आणि मागचंपुढचं वाक्य निसटत होतं. कल्पना चांगली होती, ती रीतसर करायची असं ठरवून उठलो.

एक चूक इथेच नोंदवतो. ठिपके देताना मी वाचनालयाची प्रत वापरली. ते काम मला जूनमध्ये महागात पडलं.

९ मार्च. ‘क्रौंचवध’

दहावीच्या परीक्षा सुरू, सरांना पर्यवेक्षणाचं काम. म्हणून बैठक आठवडाभर पुढे ढकलली.

चाचणी या वेळी नीट बांधली. तीन पात्रं घेतली: संस्कृतचे प्राध्यापक दादासाहेब, त्यांची मुलगी सुलोचना आणि क्रांतिकारक दिलीप. प्रत्येकाची चार-चार वाक्यं टाइप करून बारा चिठ्ठ्या कापल्या. मोठ्याने वाचायचं नाही, फक्त हातात द्यायच्या. प्रत्येकाने मागे नाव लिहायचं. सरासरी बारांपैकी पाच-सहा बरोबर आली. डोळे मिटून नावं टाकली असती तरी चार आली असती, म्हणजे फार मोठी मजल नाही.

हा निकाल मला झोंबला. ‘क्रौंचवध’ माझी लाडकी. सतराव्या वर्षी मी दिलीपसाठी जीव टाकत होतो. या वेळी वाचताना दिलीपची पानं आली की मला एखाद्या सभेतल्या पत्रकाचा वास यायचा. तो काय बोलणार हे त्याने तोंड उघडण्याआधी ठाऊक असतं. ज्यांच्याकडे तेव्हा मी पाहिलंसुद्धा नव्हतं, ते दादासाहेब मात्र आता मनातून जाईनात. आयुष्यभर संस्कृत काव्यात रमलेला बाप. क्रौंच पक्ष्याच्या वधाने वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला, हे त्यांना ठाऊक. आपल्याच घरातला शोक मात्र त्यांना वाचता येत नाही. कादंबरीच्या नावातली सगळी वेदना मला त्यांच्यापाशी सापडली. माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे, त्याचाही यात भाग असेल.

आक्कांचा मुद्दा निराळा आणि जोरदार होता. सुलोचनेचा नवरा, डॉक्टर भगवंतराव, याच्यावर लेखकाने अन्याय केला असं त्यांचं म्हणणं. ध्येयवादी प्रियकर उंच दिसावा म्हणून संसारी नवऱ्याला बुटका केलाय. “संसार करणारा माणूस म्हणजे हलका, असं का?” पन्नास वर्षांचा संसार केलेली बाई हे विचारते तेव्हा उत्तर सोपं नसतं. मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि चाळीस मिनिटं बोललो.

तीच आजची मोठी चूक. बैठक चालवणारा मी आणि पक्षकारही मीच. डॉक्टरताईंनी निघताना स्पष्ट सांगितलं की आज बैठक झाली नाही, तुमचं व्याख्यान झालं. त्यांचं खरं होतं. नियम तिसरा: ज्याची लाडकी कादंबरी असेल त्याने त्या दिवशी सूत्रं धरायची नाहीत. त्याने फक्त दोन उतारे वाचायचे आणि सगळ्यांच्या शेवटी बोलायचं.

२३ मार्च. ‘अश्रू’

दीड तासात संपली. कुणाला फार आवडली नाही, कुणाला खुपलीही नाही. नायक शंकर हा साधा शिक्षक, म्हणून सर हळवे झाले. त्यांनी वाचलेला उतारा चांगला होता, आवाज चढवून न बोललेला. इतरांपेक्षा इथे ठिपके कमी पडले, ही नोंद घेतली. ठिपके कमी झाले म्हणून पुस्तक मोठं झालं नाही, हीसुद्धा.

६ एप्रिल

रामनवमी. तिघेच आले. बैठक रद्द. असे दिवस आधी पंचांगात पाहून तारखा ठरवा.

१३ एप्रिल. शिरोडे

उत्साह मंदावला होता म्हणून शिरोड्याला गेलो. भाड्याची गाडी, आंबोली घाटातून. डिझेल, भाडं, जेवण मिळून ३,८५० रुपये आणि पूर्ण दिवस.

खांडेकर १९२० साली इथल्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८ मध्ये कोल्हापूरला येईपर्यंत इथेच राहिले. १९३० चा मिठाचा सत्याग्रह याच गावात झाला. मिठागरांच्या बांधावर आम्ही बराच वेळ उभे होतो. ऊन रणरणत होतं. तात्या म्हणाले, “अठरा वर्षं हा माणूस या लोकांत राहिला. कष्ट, गरिबी, सगळं डोळ्यांनी पाहिलं. मग त्याच्या कादंबरीतली गरीब माणसं पुस्तकातल्यासारखी का बोलतात?”

गाडीत परतताना सरांनी याला जे उत्तर दिलं ते मला आजवर सगळ्यात पटलेलं आहे. खांडेकरांचं नैसर्गिक माप रूपककथेचं. मराठीत ती त्यांनीच रुजवली. दीड पानाच्या रूपककथेत झाड बोलतं, नदी बोलते, मूर्ती बोलते, आणि तिथे सगळ्यांनी एकाच सुंदर आवाजात बोललेलं चालतं, कारण ती माणसं नसतातच, कल्पना असतात. तोच आवाज तीनशे पानांच्या माणसांना दिला की माणसं कल्पना होऊन बसतात.

मतदानासाठी सहलीचा काही उपयोग झाला नाही. पैसे वाचवायचे असतील तर लेखकाच्या गावची सहल वगळा. तात्यांचा प्रश्न मात्र बांधावरच सुचला असता, सोप्यात बसून नाही.

२७ एप्रिल. ‘ययाति’, पहिली बैठक

पुस्तक मोठं, म्हणून दोन बैठकी ठेवल्या. हे सुरुवातीलाच ठरवायला हवं होतं.

आधी सरांनी मूळ कथा सांगितली, कारण महाभारतातलं काय आणि खांडेकरांचं काय यात सगळ्यांचा घोळ होता. आदिपर्वातला ययाति शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा होतो, मुलाचं, पुरूचं, तारुण्य घेतो आणि हजार वर्षं भोगून झाल्यावर परत करतो. उपभोगाने इच्छा शमत नाही, हा प्रसिद्ध श्लोक त्याच्याच तोंडचा. देवयानी आणि कच एकमेकांना शाप देतात आणि कच देवलोकी निघून जातो, पुन्हा कथेत येत नाही. खांडेकरांनी कचाला परत आणला. यति हा ययातीचा थोरला भाऊ महाभारतात नुसता उल्लेखापुरता, इथे जिवंत पात्र आहे. अलका, मंदार, माधव, तारका ही सगळी खांडेकरांची निर्मिती.

मग चिठ्ठ्या. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे स्वतः बोलतात. प्रत्येकाची पाच वाक्यं, पंधरा चिठ्ठ्या. पहिली फेरी रद्द करावी लागली. एका चिठ्ठीत ‘बाबा’ होतं, दुसरीत ‘महाराज’. नात्याच्या शब्दांवरूनच सगळ्यांनी ओळखलं. छापखान्यात परत जाऊन अशी संबोधनं असलेली वाक्यं बदलली आणि चिठ्ठ्या नव्याने कापल्या. दीड तास गेला. तोवर आक्कांनी सगळ्यांना थालीपीठ खाऊ घातलं.

दुसऱ्या फेरीची सरासरी: पंधरांपैकी अकरा. नातवाने ‘ययाति’ अजून उघडलीही नव्हती, फक्त सरांनी सांगितलेली कथा ऐकली होती. तीन चिठ्ठ्या नमुना म्हणून दाखवल्यावर त्याची दहा बरोबर आली. म्हणजे हे आठवणीतून आलेलं नव्हतं, आवाज खरंच वेगळे होते.

उपमा इथे कमी आहेत का? नाहीत. ठिपक्यांच्या बाबतीत ‘ययाति’ ‘उल्का’ला हार जात नाही. मग फरक कुठे पडतो, यावर रात्री साडेआठपर्यंत बसलो आणि तरी सुटलं नाही.

४ मे. ‘ययाति’, दुसरी बैठक

सुटलं ते डॉक्टरताईंमुळे. त्यांनी एकच उतारा आणला होता, ययाति स्वतःच्या वागण्याचं समर्थन करतो तो. दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी वाचताना प्रत्येक उपमेपाशी थांबल्या आणि विचारलं, “ही उपमा त्याने इथेच का वापरली?” प्रत्येक वेळी उत्तर एकच येत होतं. तो काहीतरी झाकतोय. मरणाची भीती, अलकेची आठवण, तिचे सोनेरी केस, आईवरचा राग. सरळ सांगायची हिंमत नाही तिथे तो सुंदर बोलतो. ‘उल्का’त सुंदर बोलणं लेखकाचं होतं आणि माणसांच्या तोंडात घातलेलं होतं. इथे ते ययातीचं आहे. स्वतःला फसवणारा राजा असाच बोलणार. ज्या सवयीने बाकीची पुस्तकं अशक्त झाली, तीच सवय इथे पात्राचा स्वभाव होऊन बसली. मला या सगळ्या उद्योगात मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही.

याची उलट बाजू लगेच पुढे आली. कचाला स्वतःचं निवेदन नाही. तो दुसऱ्यांच्या सांगण्यातून येतो आणि येतो तेव्हा उपदेश करतो. त्याच्या सुंदर बोलण्यामागे झाकलेलं काही नाही, म्हणून ते पुन्हा लेखकाचं होतं. कच आला की आमच्या पेन्सिली पुन्हा चालू व्हायच्या. तात्यांनाही हे मान्य करावं लागलं, आणि त्यांना ते जड गेलं. कच त्यांचं तरुणपणातलं दैवत.

वहिनींनी देवयानीची बाजू घेतली. तिच्या वाट्याला निवेदन कमी आणि दोष जास्त. शर्मिष्ठा बाळ पुरूला घेऊन नगर सोडते तेव्हा वाचणाऱ्याचा जीव तुटतो, तशी एकही जागा देवयानीला दिलेली नाही. “तिला बापाने हट्टी केली, कचाने नाकारली, नवऱ्याने फसवली. तिघांचाही हिशेब तिच्याच नावावर.” यावर कुणालाही नीट उत्तर देता आलं नाही. वहिनींचा हा मुद्दा ‘ययाति’च्या विरुद्ध नोंदवलेला सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणून लिहून ठेवतो.

जाता जाता: याच कथेवर गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक १९६१ मध्ये आलं आणि शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ मध्ये. सात वर्षांत तीन मोठे लेखक एकाच राजाकडे वळले. वेळ असता तर तिन्ही शेजारी ठेवून वाचली असती. तुम्ही करा.

१८ मे. ‘अमृतवेल’

वहिनींची लाडकी, म्हणून सूत्रं तात्यांकडे.

सरांनी आरोप मांडले. नंदाचा होणारा नवरा शेखर विमान अपघातात जातो. ती जिच्या घरी सोबतीला जाते ती वसू नेमकी कॉलेजातली मैत्रीण निघते. तिचा नवरा देवदत्त, त्याची मोठी हवेली, त्याचं एकाकी दुःख, हे सगळं अगदी सिनेमाच्या मापाचं. खांडेकरांनी तीस-चाळीसच्या दशकांत चित्रपटांसाठी लिहिलं होतं, त्याची सवय इथे दिसते असं सरांचं मत. चिठ्ठ्यांचा निकालही बेताचा, बारांपैकी सात.

वहिनी गप्प बसून ऐकत होत्या. शेवटी त्यांची पाळी आली. त्यांनी नंदाच्या वडिलांचं, दादांचं, ते पत्र वाचायला घेतलं. खचलेल्या मुलीला बाप लिहितो ते. या पत्रातल्या ओळी आज मोबाइलवर फिरतात, कुणाच्या आहेत हे अनेकांना ठाऊकही नसतं. तिसऱ्या परिच्छेदाला वहिनींचा आवाज गेला. त्यांचा भाऊ गेला त्या वर्षी त्या रोज रात्री हे पत्र वाचायच्या, हे आम्हाला आज कळलं. पुढचं आक्कांनी वाचलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सरच म्हणाले, की मी मघाशी जे बोललो ते मागे घेत नाही, पण एका कादंबरीला एकच गुण देण्यात काहीतरी चुकतंय. म्हणून मतदान दोन प्रकारांत करायचं ठरलं: एक अख्ख्या कादंबरीचं, एक फक्त उताऱ्याचं.

नातवानेही एक मुद्दा टाकला तो महत्त्वाचा. त्याच्या वसतिगृहात तमिळनाडूचा मित्र आहे, त्याच्या आईने खांडेकर तमिळमधून वाचलेत. का. श्री. श्री. यांच्या अनुवादांनी खांडेकर तिकडे घराघरांत गेले, तसे गोपाळराव विद्वांसांमुळे गुजरातीत. मराठी शब्दांची ती नक्षी दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी जात नाही. तरीही तिथल्या वाचकांनी त्यांना आपलं मानलं. म्हणजे नक्षीखाली काहीतरी आहे जे आम्ही ठिपके देताना मोजलंच नाही. याचं उत्तर आमच्या चाचणीत नाही.

१ जून. मतदान, पहिला प्रयत्न

फसलं. प्रत्येकाला एक मत दिलं, सगळ्यात ताकदीची कोणती? ‘ययाति’ चार, ‘अमृतवेल’ दोन, ‘क्रौंचवध’ एक. यातून बाकीच्या तीन पुस्तकांविषयी काहीच कळेना. शिवाय बोलता बोलता उघड झालं की दोघांची ‘उल्का’ अर्धीच वाचून झालेली. फिरती प्रत वेळेत पोचली नव्हती. दोष त्यांचा नाही, फेब्रुवारीतल्या वेळापत्रकाचा. मत रद्द केलं, पंधरा दिवस दिले.

१५ जून. मतदान, दुसरा प्रयत्न

या वेळी जोड्या लावल्या. सहा पुस्तकांच्या पंधरा जोड्या होतात. प्रत्येकाने प्रत्येक जोडीत एकाला कौल द्यायचा. सात जणांचे मिळून १०५ कौल. पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली, मेणबत्तीवर चिठ्ठ्या मोजल्या.

‘ययाति’ ३०, ‘क्रौंचवध’ २४, ‘अमृतवेल’ १९, ‘अश्रू’ १५, ‘उल्का’ १४, ‘हृदयाची हाक’ ३.

उताऱ्यांमध्ये दादांचं पत्र पहिलं आलं, सातपैकी पाच मतांनी. सरांचंही मत त्यालाच होतं.

सगळ्यात कच्ची म्हणून ‘हृदयाची हाक’ जाहीर करायला तात्यांनी हरकत घेतली. पहिल्या पुस्तकाला कच्चं म्हणणं म्हणजे रांगणाऱ्या मुलाला पडला म्हणणं. हात बसल्यावर जे चुकलं ते दाखवा. मलाही ते पटलं. मग ‘उल्का’ की ‘अश्रू’, यावर पुन्हा तासभर. शेवटी पाच विरुद्ध दोन ‘उल्का’ ठरली. विरोधातलं एक मत आक्कांचं. त्यांच्या मते ‘उल्का’त निदान धग आहे, ‘अश्रू’त तीही नाही. त्यांनी आपलं मत बदललं नाही आणि बदलायचं कारणही नव्हतं.

‘क्रौंचवध’ दुसरी आली याचं मला वाईट वाटलं नाही. मी स्वतः ‘ययाति’ला कौल दिला.

हिशेब: भिशी ७,००० रुपये. पुस्तकं १,४६०, चिठ्ठ्यांचा कागद व झेरॉक्स १९०, शिरोडे ३,८५०, चहा-भडंग १,३२०, वाचनालयाचा उशिराचा दंड ६०. शिल्लक १२०.

वेळ: वाया गेलेल्या बैठकी दोन, रद्द एक. नव्याने करायचं तर मी सहाऐवजी चार पुस्तकं घेईन, प्रती आधी हातात आल्याशिवाय तारीख ठरवणार नाही आणि चिठ्ठ्यांची चाचणी पहिल्याच बैठकीपासून लावेन. ‘कांचनमृग’ वगळली ही निवडीतली चूक, ‘हृदयाची हाक’ आणि ‘उल्का’ यांच्या मधला दुवा त्यामुळे निसटला.

१७ जून

वाचनालयाची ‘उल्का’ परत करायची होती. दोन संध्याकाळी खोडरबर घेऊन ठिपके पुसत बसलो. पुसताना प्रत्येक वाक्य पुन्हा वाचलं जातं. काही ठिकाणी थांबलो, कारण ठिपका चुकीचा होता, ती उपमा खरंच चांगली होती. अशी अकरा वाक्यं वहीत उतरवून घेतली आहेत. पुढच्या रविवारी आक्कांना दाखवणार आहे.